सीतापूर रोड आणि पांढरा उजेड

लखनौला बदली झाल्यावर मी इथेच एक जुनी स्विफ्ट घेतली. आधीचा मालक हौशी होता. नवी सीटकव्हरं, मागे दणदणीत स्पीकर आणि पुढच्या दिव्यांत ‘छह हज़ारवाली झेनॉन’. विकताना त्याने ती मुद्दाम लावून दाखवली. गल्लीच्या टोकाची भिंत दिवसासारखी उजळली. मला ते आवडलंच, कारण माझं काम सीतापूरकडचं. रस्ता नव्वद किलोमीटरच्या आसपास आणि परतायला हमखास रात्र. हिवाळ्यात त्या रस्त्यावर साखर कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला उसाची ट्रॉली नवी नाही, पण आपल्याकडे असलं धुकं नसतं. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. असल्या रस्त्यावर जितका उजेड तितका बरा, हे कुणीही म्हणेल.

रस्त्यावर आल्यावर समोरचा प्रत्येक ट्रकवाला मला डिप्पर मारू लागला. मी पुन्हापुन्हा दांडी तपासायचो. अप्पर लागलेला नसायचा. जोडीला आकाशवाणी लावली की दिवे पेटताच खरखर. मग डिसेंबरच्या मध्याला धुकं उतरलं आणि बॉनेटच्या पुढे पांढरा पडदा उभा राहिला. माझ्या पुढची मिणमिणत्या दिव्यांची जुनी जीप सावकाश, पण नीट चालली होती. मला मात्र डाव्या कडेची पांढरी रेघही दिसेना.

लालबागेत गाडीच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. पहिल्याच दुकानात उपाय तयार होता: “भाई साहब, आठ हज़ार लगवा लीजिए, कोहरा चीर देगी.” इथे बहुतेक जण फसतात. सहा हजार, आठ हजार हे आकडे ताकदीचे नाहीत, केल्विनमधले म्हणजे रंगाचे आहेत. कंपनीतून येणारी झेनॉन साधारण ४३०० केल्विनची, किंचित पिवळसर पांढरी असते. आकडा वाढला की उजेड निळा होत जातो, आणि त्याच वॅटमध्ये तो वाढत नाही, उलट घटतो. निळसर उजेड समोरच्याच्या डोळ्यांना जास्त खुपतो तो वेगळाच.

मला उत्तर मिळालं ते बाजूच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनकडे. त्याने बॉनेट उघडलं, दिव्यामागचं रबरी बूच ओढून काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. बुचाला वायर जाण्यासाठी वेडंवाकडं भोक पाडलेलं होतं. तिथून धूळ आणि ओल आत जाऊन रिफ्लेक्टरच्या खालच्या कडेला राखाडी डाग पडला होता. झेनॉनला वीज पुरवणारा बॅलास्टचा डबा नुसत्या प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला. बीम वरखाली करणाऱ्या मोटरचा कपलर काढून टाकलेला, कारण त्याच्या जागेत वायरी कोंबल्या होत्या. मग त्याने साधा एच-४ बल्ब आणि माझ्या गाडीतला झेनॉनचा बल्ब शेजारी शेजारी धरले. साध्या बल्बमध्ये दोन तारा. त्यांतल्या डिप्परच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती तार रिफ्लेक्टरच्या नाभीपासून जरा पुढे बसवलेली असते आणि खाली जाणारा तिचा प्रकाश वाटी अडवते. त्यामुळे फक्त वरच्या अर्ध्या रिफ्लेक्टरला प्रकाश मिळतो आणि तो तिथून रस्त्यावर खाली वळतो. समोरच्याचे डोळे वाचतात ते त्या वाटीमुळे. माझ्या झेनॉनला वाटीच नव्हती.

झेनॉनमध्ये तार नसतेच. काचेच्या मण्याएवढ्या कुपीत दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी जळत राहते. ती पेटवायला बॅलास्ट क्षणभर वीस हजार व्होल्टच्या वर दाब देतो, म्हणून दिवे चालू असताना त्या वायरींना हात लावू नका. बीएमडब्ल्यूने १९९१ मध्ये आपल्या सेव्हन सिरीजमध्ये हे दिवे पहिल्यांदा दिले. ३५ वॅटमध्ये सुमारे ३२०० लुमेन, तर एच-४चा डिप्पर ५५ वॅट घेऊन जेमतेम हजार. आकडे पाहून मोह होणारच. पण त्या कारखान्यातल्या झेनॉनसोबत तिच्यासाठीच घडवलेला रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टर असतो. युरोपच्या नियमांत तर २००० लुमेनच्या वरच्या दिव्याला मागे वजन पडलं की आपोआप झुकणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा आहे, कारण काचेवरची धूळही एवढा प्रकाश भलतीकडे फेकते. आपण बाजारातून आणतो तो नुसता बल्ब. ज्या रिफ्लेक्टरमध्ये तो बसवायचा, तो अमुक जागी अमुक लांबीची तार आहे असं धरून बनवलेला असतो. तिप्पट प्रकाश आणि तोही भलत्या जागी, मग समोरच्याने शिव्या दिल्या तर त्याचं काय चुकलं?

कायद्यातही हेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल, त्याला दिपवणारा झोत चालणार नाही. ही चाचणी घरीच होते. बायकोला गाडीत बसवून दिवे लावायला सांगितले आणि टेप धरून ८ मीटरवर उभा राहिलो. डोळे दीड मीटरवर आणायला थोडं वाकावं लागलं. पुढची काही मिनिटं मला गेटची कडी सापडत नव्हती. मागे-पुढे दिवा नसलेला सायकलवाला रोज रात्री हेच झेलत होता, आणि तो मला दिसत नव्हता तसा मीही त्याला दिसत नव्हतो.

दंडाचंही सांगून ठेवतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या फेरफाराबद्दल गाडीच्या मालकाला दर फेरफारामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की नोंदणीच्या वेळच्या उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. वायर कापली की वॉरंटी अडचणीत येते, आणि दिव्याच्या वायरिंगवरून गाडी पेटली तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याचाच विचारेल.

म्हाताऱ्याने मला नवीन झेनॉन विकली नाही. त्याने झेनॉन उतरवून साधे ६०/५५ वॅटचे एच-४ लावले आणि मल्टीमीटर घेतला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर १२.३. वीज बारीक वायरींतून, दांडीच्या स्विचमधून फिरून येते आणि वाटेत गळते. हे किरकोळ वाटेल, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने पडतो. एवढ्या गळतीत तिसऱ्या हिश्शाहून जास्त प्रकाश जातो. ‘हॅलोजन मेणबत्तीसारखा जळतो’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं. त्याने रिलेचं तयार वायरिंग घातलं: बॅटरीपासून फ्यूजमधून थेट जाड वायर, आणि जुना स्विच फक्त रिलेला इशारा देणार. कंपनीची एकही वायर कापली नाही. याच पैशांत नव्वद-शंभर वॅटचे बल्ब मिळतात, ते घेऊ नका. होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर करपतो. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या, पण वर अतिनील किरण अडवणारा थर पुन्हा द्यायला लावा, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा तेच.

मग बीमचा नेम. हे काम पैशाचं नाही, त्यामुळे कुणी करत नाही. टायरमध्ये नीट हवा, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस, सपाट जमीन, १० मीटरवर भिंत. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखायची आणि डिप्परच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटीमीटर खाली आणायची. माझ्या गाडीचा दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटर, म्हणजे झोत सुमारे ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. ती कड डावीकडे किंचित चढती असते, कडेचे लोक आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. डॅशबोर्डवरचं आकड्यांचं छोटं चाक मागे माणसं-सामान भरल्यावर झोत खाली घेण्यासाठी असतं. ते फिरवताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही.

इतकं ऐकूनही ज्यांना झेनॉनच हवी, त्यांनी ज्या मॉडेलला कारखान्यातूनच ती मिळते ते घ्यावं. दिवा भट्टीत तापवून, काच सोडवून आत प्रोजेक्टर बसवणारे कारागीर आहेत आणि त्यांतल्या काहींचं काम देखणं असतं. पण परदेशातून आलेला प्रोजेक्टर उजवीकडून चालणाऱ्या देशांचा निघाला तर त्याची चढती कड उजवीकडे, थेट समोरच्याच्या तोंडावर येते. चिकटवलेली काच पहिल्या पावसात आतून घामेजते. आणि एवढं करून कागदोपत्री तो फेरफारच राहतो. आता काउंटरवर झेनॉनची जागा एलईडीने घेतली आहे. रिफ्लेक्टर तोच, म्हणून प्रश्नही तोच.

धुक्याबद्दल लखनौत सगळ्यांचं एकमत आहे की पिवळा दिवा धुकं फाडतो. मला ते पटत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळ्या रंगांना जवळपास सारखंच उधळतात. फरक पडतो तो उजेड कुठे पडतो याने. डोळ्यांसमोरच्या धुक्यावर पडला तर भिंत उभी राहते. खालून, रुंद, रस्त्यालगत पसरला तर कडेची रेघ दिसते. म्हणून धुक्यात अप्पर कधीच नाही, आणि फॉग लॅम्प बंपरच्या खालच्या भागातच हवेत. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायची इथली सवयही लावून घेऊ नका. वळणार की थांबलात, मागच्याला कळत नाही.

जुनी गाडी घेणार असाल तर ती रात्रीही बघा. दिवे पेटताना निळी झाक येऊन मग हळूहळू पांढरे होत असतील, तर बॉनेट उघडून दोन्ही बाजूंची रबरी बुचं काढायला सांगा. भोक दिसलं तर बूच, कपलर, बीम वरखाली करणारी मोटर आणि डागाळलेला रिफ्लेक्टर यांचा खर्च आधी विचारून घ्या आणि मगच भाव बोला. विकणारा त्या दिव्यांचे वेगळे पैसे लावत असतो.