काशीचा आखाडा आणि शरीरातील दाह

वाराणसीच्या तुळशी घाटावरील स्वामीनाथ आखाडा गोस्वामी तुलसीदासांनी सुरू केला, अशी परंपरागत समजूत आहे. भल्या पहाटे तेथे दंड-बैठका सुरू होतात, गदा व लाकडी जोडी फिरू लागते आणि तेल-हळद मिसळलेल्या मातीत कुस्तीचे डाव रंगतात. नागपंचमीला जोडी-गदेच्या स्पर्धा पाहण्यास गर्दी लोटते. अलीकडच्या वर्षांत या मातीत मुलीही उतरू लागल्या आहेत. मराठी माणसाला या नगरीचे बळ तसे परके नाही. पुढे झाशीची राणी झालेली मणिकर्णिका तांबे काशीतच जन्मली होती.

व्यायाम करणाऱ्याच्या वाटेस आजार जात नाही, असे आखाड्यांतून सांगितले जाते. यात अतिशयोक्ती आहेच. पहिलवानही आजारी पडतात. तथापि या समजुतीच्या गाभ्याशी जे सत्य आहे, त्याचा उलगडा गेल्या काही दशकांतील संशोधनाने बराचसा केला आहे.

जखम झाली की तो भाग लाल होतो, सुजतो, ठणकतो. हा दाह म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचे संरक्षक कार्य होय. काम संपले की तो शमतो. याउलट दुसरा एक दाह ना दिसतो, ना दुखतो. पोटाच्या आत, आतड्यांभोवती चरबी साचली की तेथे भक्षक पेशी गोळा होतात आणि ‘टीएनएफ-अल्फा’सारखी संदेशवाहक प्रथिने सतत सोडत राहतात. या प्रथिनांचा निरोप पोहोचला की पेशींतील ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाची कळ दाबली जाते आणि दाहाचे आणखी संदेश तयार होतात. चक्रवाढ व्याजाप्रमाणे हे वाढते. फक्त येथे खातेदार ऋणको असतो. मधुमेह व रक्तवाहिन्यांच्या विकारांशी या मंद दाहाचा निकटचा संबंध आहे. काउंटरमागे दिवसभर बसणाऱ्या कर्मचाऱ्याने आणि निवृत्तिवेतनाच्या रांगेतील ज्येष्ठानेही तो समजून घेण्याजोगा आहे.

येथे एक कोडे उभे राहते. ‘इंटरल्युकिन-६’ हे प्रथिन दाहाचे द्योतक मानले जात असे. परंतु दीर्घ व्यायामानंतर रक्तात त्याचेच प्रमाण प्रचंड वाढलेले आढळले; मॅरेथॉननंतर तर शंभरपटीपर्यंत. मग व्यायाम दाह वाढवतो की काय? कोपनहेगन येथील बेंटे क्लार्लुंड पेडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या वेळी ते प्रथिन प्रामुख्याने आकुंचन पावणारे स्नायूच सोडतात. स्नायूतील ग्लायकोजेनचा साठा जितका आटलेला, तितके ते अधिक सुटते. भक्षक पेशींकडून येताना त्याच्यासोबत टीएनएफ असते. स्नायूंकडून येताना सहसा नसते. उलट त्याच्यामागून ‘इंटरल्युकिन-१०’सारखे दाहशामक संदेश निघतात. एकच दूत, पण पाठविणारा निराळा आणि निरोपही निराळा!

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेला याच गटाचा एक प्रयोग मुद्दाम सांगण्याजोगा आहे. आठ निरोगी पुरुषांना जीवाणूच्या आवरणातील विषद्रव्याची अल्प मात्रा टोचण्यात आली. विश्रांतीत असताना त्यांच्या रक्तातील टीएनएफ लक्षणीय वाढले. तीच मात्रा दीर्घ सायकलिंगच्या दरम्यान दिली, तेव्हा मात्र ही वाढ दबून गेली. सायकल न चालवता नुसते इंटरल्युकिन-६ शिरेतून दिले, तरीही परिणाम तोच!

इतके श्रम सर्वांना झेपणारे नाहीत. परंतु सॅन दिएगो येथील २०१७ च्या अभ्यासात ट्रेडमिलवरील २० मिनिटांच्या मध्यम चालीनेही टीएनएफ तयार करणाऱ्या श्वेतपेशींचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांनी घटले. येथे मार्ग वेगळा होता: व्यायामात स्रवणारी ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये त्या पेशींवरील ग्राहकांना जाऊन बिलगतात आणि पेशी शांत होते.

एका दिवसाचा हा परिणाम काही तासांत ओसरतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या व्यायामाचे फळ निराळे असते. पोटातील चरबी घटते, त्यासोबत दाहाचा उगमच आटू लागतो आणि रक्तातील सीआरपी हे दाहदर्शक प्रथिन अनेकांत उतरते. इंटरल्युकिन-६ यातही वाटेकरी आहे. २०१९ च्या एका डॅनिश अभ्यासात १२ आठवडे सायकल चालविणाऱ्यांची पोटातील चरबी घटली. मात्र इंटरल्युकिन-६ चे ग्राहक रोखणारे औषध ज्यांना दिले होते, त्यांची घटली नाही.

अतिरेकाचे काय? बैठकांचा पहिला दिवस आठवावा. मांड्या भरून येतात, जिना उतरणे नकोसे होते. हाही दाहच, परंतु स्नायूची डागडुजी करणारा, दोन-चार दिवसांत निवळणारा. अतिश्रमानंतर रक्तातील काही श्वेतपेशी कमी होतात, म्हणून काही तास संसर्गाला दार उघडे राहते, असे पूर्वी ठामपणे सांगत. २०१८ मध्ये बाथ विद्यापीठातील संशोधकांनी यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते त्या पेशी नष्ट होत नाहीत, तर फुप्फुसे व आतड्यांकडे पहाऱ्यावर जातात. वाद पूर्णपणे मिटलेला नाही. ताप असताना मात्र व्यायाम थांबवावा, याविषयी दुमत नाही. विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूंना दाह होण्याचा धोका असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम सुचविले. गदा हाती नसली तरी भरभर चालणे आणि झेपतील तेवढ्या बैठका यांत हे बसते. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. सांध्यांच्या दाहाने त्रस्त असलेल्या आमवाताच्या रुग्णांना एके काळी अंथरुणावर पडून राहण्यास सांगत. आज त्यांच्याही उपचारात तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायाम लिहून दिला जातो.