जुन्या एंजिनाचे सुटे भाग

विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी, पिठाची गिरणी आणि उसाचा चरक ही कामे तेलाच्या एंजिनावर चालत. भालकी-आळंदकडील एखाद्या सभासदाच्या मळ्यात लिस्टर बनावटीचे, मिनिटाला ६५० फेरे घेणारे सहा अश्वशक्तीचे एंजिन अजून असेल. इंग्लंडात डर्स्ली येथे त्याचे उत्पादन १९८७ साली थांबले. राजकोटला त्याच धर्तीची एंजिने निघाली, पण तिकडचा भाग आपल्या एंजिनाला बसेलच असे नाही. मग एका बुशापायी अख्खे एंजिन भंगारात जाते, याची हळहळ वाटते.

भाग मिळाला नाही की आपण झिजलेला तुकडा मेस्त्रीपुढे ठेवून ‘हुबेहूब असाच करा’ म्हणतो. घोटाळा येथेच होतो. नव्या भागात जुनी झीजही उतरते. माप न झिजलेल्या जागी घ्यावे. सिलिंडरच्या वरच्या कडेशी, जेथे रिंग पोहोचत नाही, तेथे मूळ साडेचार इंच व्यास शाबूत सापडतो. बुशचे बाहेरचे माप त्याच्या घरावरून व आतले शाफ्टवरून घ्यावे आणि तेलापुरती फट सोडावी. शाफ्ट अंडाकार झाला असेल तर आधी तो घासून गोल करावा, मग बुश.

ओतकामाचा भाग असेल तर लाकडी फर्मा थोडा मोठा हवा, कारण धातू थिजताना आकसतो. बिडाला फुटामागे एक सूत, गनमेटलला दीड सूत, शिवाय लेथवर कापण्यापुरते जास्त. बिदरला मातीच्या साच्याची विद्या पुरातन आहे खरी, परंतु बिदरीतले जस्त ४१९ अंशांवर वितळते; बिडाला साडेअकराशेच्या आसपास उष्णता लागते. तेव्हा बिडासाठी ओतशाळाच गाठावी.

रिंगेच्या दोन टोकांत इंची व्यासामागे सुमारे चार हजारांश इंच, म्हणजे येथे अठरा हजारांश, अंतर असावे. कमी पडले तर तापल्यावर टोके भिडतात, रिंग मोडते व लायनरवर ओरखडे उठतात.

बोल्टाचेही पाहावे. या एंजिनाचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे, ५५ अंशांचे. बाजारातले मिलिमीटरी आटे ६० अंशांचे. अर्ध्या इंचाच्या जागी बारा मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे बसतो, मग आटे खातो. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तर साध्या सळईतून कातून घेऊच नये. तो तुटला तर रॉड केसिंग फोडून बाहेर येतो. तडा गेलेले फ्लायव्हील वेल्डिंग करून फिरवणे त्याहून घातक. जवळ उभ्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे. डिझेल पंपाचा दट्ट्या व नोझल यांतील फट केसाहून कितीतरी बारीक असते. ते गावच्या लेथचे काम नव्हे. त्यासाठी पंप दुरुस्त करणाऱ्याकडेच जावे.