कृत्रिम झडपेची कसोटी

आपल्या हृदयाचे वर्षाला सुमारे ४ कोटी ठोके पडतात. प्रत्येक ठोक्यासरशी त्यातील झडपा उघडतात व मिटतात. झडप निकामी झाली, तर तिच्या जागी कृत्रिम झडप बसवतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत घडलेली भारतीय झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली. त्यापूर्वीचे नमुने चाचण्यांत अपयशी ठरले होते. आज रक्ताचा प्रवाह आणि झडपेवरील ताण यांचे गणित संगणक आधीच मांडतो. तरीही यंत्रावर तिची कोट्यवधी वेळा उघडझाप करून पाहावी लागते. पुढे रुग्णावरही वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. कारण गणितातील चूक खोडता येते, गेलेला प्राण परत आणता येत नाही.