एका आवाजाच्या दोन वाटा

डग्ग्याचा घुमारा आणि झांजेचा झणत्कार एकाच कर्ण्यातून सारखाच चांगला ऐकू येईल काय? मांडवावर बांधलेला कर्णा लक्ष देऊन ऐका. झांज स्पष्ट ऐकू येते, डग्गा मात्र हरवतो. याचे कारण ध्वनिलहरींच्या लांबीत आहे. 100 हर्ट्झची लहर सुमारे 3.4 मीटर लांब असते. ती जोरात हवेत सोडायची तर मोठे पटल आणि लांब, रुंद तोंडाचा कर्णा हवा. 5,000 हर्ट्झची लहर 7 सेंटिमीटरांहूनही आखूड असते. तिच्यासाठी पटल लहान, पातळ आणि हलके लागते. म्हणून जुन्या चित्रपटगृहांत पडद्यामागे दोन प्रकारचे कर्णे ठेवीत : एक खालच्या स्वरांचा, दुसरा वरच्या स्वरांचा.

आता अडचण अशी की, वर्धकाकडून येणाऱ्या विद्युत्‌प्रवाहात सगळे स्वर मिसळलेले असतात. ते तसेच लहान कर्ण्याला दिले, तर खालच्या स्वरांनी त्याचे नाजूक पटल भलतेच हेलकावे खाऊ लागते आणि फाटूही शकते. प्रवाहाची वाटणी करणारे जे मंडल मध्ये घालतात, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात.

त्याचे अगदी साधे रूप म्हणजे तारेचे एक वेटोळे आणि एक कंडेन्सर. वेटोळे जलद बदलणाऱ्या प्रवाहाला अधिक अडवते, म्हणून ते मोठ्या कर्ण्याच्या वाटेत जोडतात. कंडेन्सरचे उलट, तो सावकाश बदलणाऱ्या प्रवाहाला अडवतो. त्याची जागा लहान कर्ण्याच्या वाटेत.

दोन्ही कर्ण्यांचा रोध 16 ओहम आहे आणि वाटणी 500 हर्ट्झला करायची आहे, असे समजा. या कंप्रतेला कंडेन्सरचा अडथळाही 16 ओहम व्हायला हवा. 1 ÷ (2 × 3.14 × 500 × 16) हे गणित करून पाहा, उत्तर सुमारे 20 मायक्रोफॅरड येईल. वेटोळ्यासाठी 16 ÷ (2 × 3.14 × 500), म्हणजे सुमारे 5 मिलिहेन्री. 500 हर्ट्झला शक्ती निम्मी-निम्मी वाटली जाते. 250 हर्ट्झला कंडेन्सरचा अडथळा 32 ओहम होतो आणि लहान कर्ण्याकडे एक पंचमांश शक्ती जाते. पटलाच्या सुरक्षिततेला हेही पुष्कळदा फार होते. म्हणून प्रत्येक वाटेत एक वेटोळे आणि एक कंडेन्सर असे दोन घटक घालतात. मग हाच वाटा सुमारे सतरावा हिस्सा उरतो. (खऱ्या कर्ण्याचा रोध कंप्रतेनुसार बदलतो. त्यामुळे कागदावरचे आकडे ही फक्त सुरुवात समजावी.)

जुना संच दुरुस्त करताना कंडेन्सर आधी मोजावा, असे मी म्हणेन. तो इलेक्ट्रोलिटिक असेल तर वर्षानुवर्षांनी सुकतो. 20 चा 10 मायक्रोफॅरड झाला, की लहान कर्ण्याची हद्द 1,000 हर्ट्झवर सरकते. मोठ्याची मात्र 500 वरच राहते. मधले स्वर, म्हणजे माणसाच्या आवाजाचा मोठा भाग, फिके पडतात. आणि दोष बिचाऱ्या कर्ण्याला दिला जातो !

पण वाटणी अचूक झाली तरी काम संपत नाही. 1930 नंतरच्या दशकात हॉलिवुडमधील एमजीएम स्टुडिओत एलिनॉर पॉवेल या नर्तिकेच्या टॅप नृत्याचा ध्वनी तपासताना बुटाचा एकच ठोका दोनदा ऐकू येऊ लागला. मंडलात दोष नव्हता. खालच्या स्वरांच्या कर्ण्यातील हवेची वाट दुसऱ्यापेक्षा सुमारे 8 फूट, म्हणजे 2.4 मीटर, लांब होती. ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर धरला, तर ठोक्याचा खालचा भाग सुमारे 7 मिलिसेकंद मागाहून पोचत होता. संगीतात हा उशीर लपला असता. तुटक ठोक्यात तो उघडा पडला. डग्लस शिअरर, जॉन हिलिअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग खालच्या स्वरांच्या कर्ण्याची वाट आखूड केली आणि दोन्ही वाटांतील फरक पुष्कळ कमी केला. या दोन वाटांच्या कर्णासंचासाठी त्यांच्या ध्वनिविभागाला 1936 सालचा अकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

तुमच्या प्रयोगशाळेत 8 ओहमचे दोन ध्वनिक्षेपक असतील, तर 500 हर्ट्झच्या वाटणीसाठी किती मायक्रोफॅरड आणि किती मिलिहेन्री लागतील, ते काढून पाहा. कंडेन्सर मात्र धन-ऋण खुणा नसलेलाच घ्या. येथे प्रवाहाची दिशा सतत उलटत असते.