चालताना पोटरी भरते, थांबले की मोकळी होते

काही वर्षांपूर्वी मेहकरजवळच्या खेड्यातील एक शेतकरी दवाखान्यात आले. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने काटक, खिशात बिडीचे बंडल. म्हणाले, "डाक्टरसाहेब, वावरात जाताना पोटरी गच्च होते. धुऱ्यावर दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळी होते. चाललो की पुन्हा तेच." मी वाताचे दुखणे समजून गोळ्या दिल्या, इंजेक्शनही दिले. हाताची नाडी पाहिली, पायाची पाहिली नाही. चूक माझी. दोन महिन्यांनी ते परत आले तेव्हा अंगठा काळा पडला होता. पाय थंड लागतो म्हणून घरी गरम विटेने शेकला, फोड आला आणि तो भरलाच नाही.

हा रोग सांध्याचा नव्हे, धमनीच्या भिंतीचा. धमनी म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त नेणारी वाहिनी. तिचे आतील अस्तर गुळगुळीत असते. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब यांमुळे ते दुखावते. मग कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते, तेथे सूज राहते, पुढे चुना बसतो. पुष्कळ जण याला पाइपात साचलेल्या गाळाची उपमा देतात. ती अर्धीच खरी. हा थर पोकळीत नव्हे, भिंतीच्या आत जमतो व भिंत आत फुगते. म्हणूनच 'नळी धुऊन काढणाऱ्या' काढ्यांवर पैसे घालवू नयेत.

बसलेल्या माणसाच्या पोटरीला थोडे रक्त पुरते. चालताना ते कितीतरी पट लागते. अरुंद धमनी तेवढे पुरवू शकत नाही आणि पोटरी ओरडते. गंमत म्हणजे हे लक्षण आधी जनावरात ओळखले गेले. फ्रान्समधील पशुवैद्य बूले यांनी 1831 साली घोड्यात त्याचे वर्णन केले. माणसातले वर्णन शार्को यांनी 1858 मध्ये केले.

कमरेच्या मणक्यात नस दबली तरी चालताना पाय दुखतात. पण तेथे सहसा बसावे किंवा वाकावे लागते; धमनीच्या रोगात उभ्या उभ्याच कळ जाते. डॉक्टरांनी पावलावरची व आतल्या घोट्यामागची नाडी पाहावी. घोट्याच्या रक्तदाबाला हाताच्या रक्तदाबाने भागून आकडा 0.9 पेक्षा कमी आला, तर धमनी अरुंद झाली आहे असे समजावे. मधुमेहात हा आकडा फसवा असू शकतो. मग डॉपलर तपासणी करावी लागते.

चाळिशीच्या आतील बिडी ओढणाऱ्यांत याचा एक भाऊबंद आढळतो, बर्गर यांचा रोग. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी 1908 साली त्याचे वर्णन केले. त्यात लहान धमन्यांना सूज येऊन गुठळ्या होतात. तेथे तंबाखू पूर्ण सोडणे हाच खरा उपचार. "दिवसाला एकच ओढतो" हेही चालत नाही.

आता उपचार. बिडी, तंबाखू बंद. दुसरा उपचार ऐकून लोक हसतात: चालणे. कळ येईपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने. मात्र पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. कोलेस्टेरॉलची व रक्त पातळ ठेवणारी गोळी मिळाली, तर ती पाय बरा वाटला म्हणून सोडू नये. पायाची धमनी बिघडली तेथे हृदयाची व मेंदूचीही बिघडलेली असू शकते, आणि या रुग्णांचा जीव बहुधा त्यानेच जातो.

थंड पाय शेकू नये. भेगांना बिबा लावू नये. कुरूप ब्लेडने कापू नये. पऱ्हाटीच्या खुंट्यांतून अनवाणी जाऊ नये.

त्या शेतकऱ्यांना शहरात पाठविले. अंगठा काढावा लागला, मांडीतील धमनीची अँजिओप्लास्टी झाली, पाय वाचला. बिडी सुटायला मात्र चार महिने लागले. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी मेहकरात येते; दोन वर्षांनी ते तिच्यासोबत थांबत थांबत जानेफळपर्यंत गेले.

पाय अचानक पांढरा, गार, बधिर पडून तीव्र कळा येऊ लागल्या, तर सकाळची वाट पाहू नका. गुठळी अडकली असल्यास हातात काही तासच असतात.