फ्लेक्स जरा उशिरा लावा

केम गावातल्या एखाद्या घरातली मुलगी कॉलेजच्या 'एक्सचेंज'मधून सहा महिन्यांसाठी जर्मनीला निघाली, की दोन गोष्टी ठरलेल्या: आईचा डबा आणि चौकातला फ्लेक्स. डब्याचं नंतर बघू. आधी फ्लेक्सचं बोलू या. कारण माझ्या मते पहिल्या पंधरवड्यात पोरांना थंडी आणि भाषा जेवढी जड जात नाही, तेवढा तो फ्लेक्स जड जातो.

रागावू नका. कुंकवाच्या कारखान्यात हळदीनं माखून ज्यांनी पोरांच्या फिया भरल्या, त्यांनी नाही मिरवायचं तर कुणी? पण उत्तरेश्वराच्या देवळात नारळ फोडून, हार घालून, अख्ख्या गावानं स्टेशनवर सोडलेली मुलगी तिसऱ्या दिवशी फोनवर "आई, मला इथं करमत नाही" असं म्हणेल का? ती म्हणते, "सगळं मस्त आहे." तुम्ही तो निरोप शेजारी सांगता, शेजारी भावकीत सांगतात, आणि मुलीची खरं बोलायची वाट बंद होते.

तिचे ते दिवस कसे जातात, ते जरा ऐका. पहिले दोन आठवडे अभ्यास जवळपास नसतोच. तिकडचं हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होतं, तास मात्र महिन्याच्या मध्यावर. मधला सगळा वेळ कागदांत जातो. राहत्या पत्त्याची नोंद शहराच्या कार्यालयात दोन आठवड्यांत करायची असते, आणि त्यासाठी घरमालकाचा किंवा वसतिगृहाचा सही केलेला कागद लागतो. मग विम्याचा कागद, बँकेचा कागद. व्हिसासाठी तुम्ही तिच्या नावावर मोठी रक्कम अडकवून ठेवलेली असते. सध्या महिन्याला 992 युरो धरतात. पण तिथं पोचल्यावर खातं चालू व्हायला वेळ लागतो. म्हणजे पैसा आहे, पण हातात नाही, आणि त्याच आठवड्यात खोलीचं भाडं आणि अनामत भरायची. अशा वेळी "एवढे पैसे भरले, अन् तुला कमी कसे पडतात?" असं विचारू नका. पहिल्या महिन्याचा खर्च कार्डावर किंवा रोख वेगळा द्या. बाकी शिक्षणाची फी तिकडं नसते, ती इथल्याच कॉलेजात भरलेली असते. म्हणून 'फुकट शिकायला गेली' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

आणखी एक, साधंच. तिकडं रविवारी दुकानं बंद असतात. स्टेशनवरचं एखादं सोडलं, तर किराणा मिळत नाही. शनिवारी रात्री पोचलेल्या पोराची पहिली सकाळ रिकाम्या खोलीत, उपाशी पोटी उजाडते. तिकीट काढताना ट्रॅव्हलवाल्याला विचारायच्या शंभर गोष्टींत आठवड्याचा वार कुणीच विचारत नाही. मंगळवार-बुधवारी पोचेल असं बघा.

वर्गातही गंमतच. वेळापत्रकात दहा लिहिलेलं असतं, तास सव्वादहाला सुरू होतो. तिथली ती जुनी रीत आहे. आपली मुलगी पावणेदहाला जाऊन बसते आणि रिकामा वर्ग बघून घाबरते, 'मी चुकीच्या इमारतीत आले का?' पुढे सर शिकवताना मुलं मधेच बोलतात, सरांना अडवतात, "मला पटत नाही" म्हणतात. इथं बारा-चौदा वर्षं आपण तिला गप्प बसायला शिकवलं. ते दोन आठवड्यांत सुटणार नाही. ती मागच्या बाकावर बसली तर "पुढं बस, बोल" म्हणून मागं लागू नका. तिला ऐकत राहू द्या.

घराबाहेर पडलेल्या मोठ्या माणसांचे पहिले दिवस आपण कधी नीट बघत नाही, फक्त शेवट बघतो. आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी त्या आधी राहिल्या. त्या घरानं त्यांना लेकीसारखं धरलं, म्हणून सुरुवातीचे महिने निभावले. पुढे फिलाडेल्फियात कॉलेजसाठी राहायला गेल्या, तर खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवली की धूर, नाही पेटवली की थंडी. इकडून पत्र यायला कित्येक आठवडे लागत, आणि नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या पत्रांत काळजीबरोबर जाबही असे, कपड्यांवरूनसुद्धा. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. पोरीला त्यांचं उदाहरण देताना आपण "बघ, तिनं कसं सोसलं" म्हणतो. मला वाटतं, ती शेगडी कुणीतरी बदलायला हवी होती.

उलट बाबासाहेबांचं बघा. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते 1913 च्या जुलैत न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल वसतिगृहात उतरले. तिथलं जेवण मानवेना, म्हणून आठवडाभरातच त्यांनी मुक्काम हलवला. आधी कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉल. तिथं नवल भथेना भेटले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. 1915 मध्ये एम.ए. झालं. तर मुद्दा असा, की खोली बदलली, विषय बदलला, मेस सोडली म्हणून पोरगी हरली असं होत नाही. तिनं "मला दुसरी खोली बघावी लागेल" म्हटलं, तर "एवढी संधी मिळाली आणि तू जेवणावरून कुरकुर करतेस?" हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळा.

आता डबा. कडक भाकरी बिनधास्त द्या, शेंगाचटणी द्या, आठवडाभर तरी पोटाला आधार होईल. पण तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही देऊ नका. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आजीनं कढवलेलं तूप परक्या माणसानं कचऱ्यात टाकताना बघायचं, एवढी वाईट सुरुवात तिला कशाला? कुंकवाची पुडी मात्र ठेवा, घरचीच. तिकडच्या मैत्रिणींना केम कुठं आहे, हे सांगायला तिला तेवढं निमित्त पुरे.

फोनचं काय? रोज करा, पण 'जेवलीस का' आणि 'काय जेवलीस' यांतच तो संपवू नका. "आज कुठं चुकलीस?", "कुणाशी ओळख झाली?", "कशाचा राग आला?" असं विचारा. आणि व्हिडिओ लावलात की भोवती काका, आत्या, गल्लीतली पोरं जमवू नका. सगळ्यांसमोर ती रडणार नाही. आठवड्यातून एकदा तरी फक्त आईनं एकटीनं फोन करावा, मागच्या खोलीत बसून. बापानं वेगळा करावा. बाप एकटा असला की मुली पैशाचं बोलतात.

रडली तर? बहुतेक जणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रडतात. नवलाई ओसरलेली असते, आणि मैत्रीण अजून झालेली नसते. लगेच तिकीट बघायला लागू नका, आणि "परत ये" असंही घाईनं म्हणू नका. नुसतं ऐका. मग विचारा, विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात सांगितलंस का? अशी कार्यालयं असतात, त्यांचं कामच ते असतं, पण आपली पोरं संकोचानं जात नाहीत. पुष्कळ ठिकाणी जुन्या विद्यार्थ्याला नव्याचा सोबती म्हणून नेमतात, त्याचं नाव तिच्याकडून आधीच लिहून घ्या. पण महिना उलटला, झोप नाही, जेवण नाही, तास बुडतायत, असं कळलं तर तो करमत नसल्याचा प्रश्न राहत नाही. तेव्हा डॉक्टर, आणि गरज पडली तर घरी. गावाला काय सांगायचं, ते आपण नंतर बघू.

एक राहिलंच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचा फरक असतो, तो साडेचारचा होतो. त्या सोमवारी तुम्ही नेहमीच्या वेळी फोन लावाल, आणि ती उचलणार नाही. ती तासाला बसलेली असेल.