‘काळे खंड’ शिकवणाऱ्या बाईंची उजळणी

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत आफ्रिकी संघाला जी-२० चं कायम सदस्यत्व मिळालं आणि आमच्या मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक संघाला आफ्रिकेचा उमाळा आला. पुढच्या २५ मेला, आफ्रिका दिनाचं औचित्य साधून, भाषण ठरलं. भूगोलाची निवृत्त शिक्षिका म्हणून माळ माझ्या गळ्यात. तासाभराच्या त्या भाषणापायी माझीच जी उजळणी झाली, ती ही अशी.

१. आपण जे शिकवलं, ते आपल्यालाच येत नव्हतं. तीस वर्षं मी फळ्यावर ‘काळे खंड’ लिहिलं. नाईल, सहारा, कोको, सोनं, हिरे. माणसं कुठेच नाहीत. आता देश ५४ की ५५, इथपासून सुरुवात! संयुक्त राष्ट्रांत ५४, आफ्रिकी संघात ५५. जास्तीचा एक म्हणजे पश्चिम सहारा, ज्यावर मोरोक्को हक्क सांगतो. त्याला संघाच्या आधीच्या संघटनेत घेतलं म्हणून मोरोक्को १९८४ मध्ये रुसून बाहेर पडला आणि २०१७ मध्ये परत आला. भांडण मिटलेलं नाही, पण बसतात एकाच सभागृहात. आमच्या सोसायटीत गच्चीच्या चावीवरून बोलणं टाकलेली दोन घरं लिफ्टमध्येसुद्धा एकत्र चढत नाहीत.

२. एकीसाठी कधी कधी जुना अन्याय तसाच ठेवावा लागतो, हे पचायला मला जड गेलं. १९६३ मध्ये अदिस अबाबात ३२ देशांनी ती आधीची, आफ्रिकी एकता संघटना स्थापली. घानाच्या एन्क्रुमांना अख्ख्या खंडाचं एक सरकार हवं होतं, तेही लगेच. टांगानिकाचे न्येरेरे दमाने घ्या म्हणणाऱ्यांतले. पुढच्याच वर्षी कैरोला ठरलं, की गोऱ्यांनी आखलेल्या सरहद्दी स्वातंत्र्याच्या दिवशी होत्या तशाच मान्य करायच्या. मग एकच जमात दोन-तीन देशांत विभागली गेली तरी. माझं माहेर बेळगावचं. १९५६ पासून आमच्याकडे सीमाप्रश्न ताटात वाढला जातो, चटणीच्या शेजारी. मी भाषणात कैरोच्या ठरावाला ‘शहाणपण’ म्हणणार असल्याचं भावाला फोनवर सांगितलं. त्याने फोन ठेवला. खरं सांगायचं तर शहाणपण की नाइलाज, हे मलाही ठरवता आलेलं नाही. आणि एकीलाही मर्यादा असतेच. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आफ्रिकेला किमान दोन कायम जागा हव्यात, नकाराधिकारासह, ही आफ्रिकी देशांची २००५ पासूनची एकमुखी मागणी. त्या खुर्च्यांवर बसायचं कोणी, हे विचारलं की नायजेरिया, इजिप्त, दक्षिण आफ्रिका सगळेच घसा खाकरतात.

३. नेहरू-मंडेलांच्या गोष्टी शोधत होते, आणि माणूस निघाला साताऱ्याकडचा. औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत १९४८ मध्ये भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. औंध म्हटलं की मला सूर्यनमस्कार आणि संग्रहालय एवढंच आठवायचं. पण याच घराने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या संस्थानाचा कारभार रयतेच्या हाती दिला होता. अशा घरातला माणूस नैरोबीतल्या भारतीय व्यापाऱ्यांना सांगू लागला, की या भूमीवर पहिला हक्क आफ्रिकनांचा. आफ्रिकी तरुणांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणूनही त्यांनी खटपट केली. केनियातल्या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या ते डोळ्यांत खुपू लागले. १९५४ मध्ये नैरोबी सुटलं. तीस वर्षांत मी वर्गात त्यांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

४. पीडितालाही स्वतःचा हिशेब द्यावा लागतो. हे मला आमच्या मजल्यावरच्या कच्छी बांनी शिकवलं. जन्म कंपालाचा. १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा त्या एका पेटीनिशी निघाल्या. मी सहानुभूतीची तयारी करूनच गेले होते. खाखरा शेकता शेकता म्हणाल्या, “अमीन खराबच. पण काळा माणूस आमच्या दुकानात रोज यायचा हं, ताई. जेवायला एकदापण नाही बोलावला.” मग स्वाहिलीतले, आपलेच वाटावेत असे शब्द सांगत बसल्या: दुनिया, रंगी, चाय, गारी. मला वाटलं माझी चेष्टा करताहेत. हीच स्वाहिली २०२२ पासून आफ्रिकी संघाची कामकाजाची भाषा आहे.

५. व्याख्यान देणं सोपं, जागा देणं अवघड. कलिन्याला मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकी अभ्यास केंद्र आहे. मी पहिल्यांदा गेले ती या भाषणापायी. तिथे दार-ए-सलामची एक विद्यार्थिनी भेटली. तिने माझ्या टिपणांतल्या चार चुका काढल्या आणि जाता जाता विचारलं, मॅडम, तुमच्याकडे भाड्याने जागा मिळेल का? आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता, मालक तयार होता. सोसायटीच्या कमिटीत विषय आला. “फक्त फॅमिलीला,” असं ठरलं. आदल्याच वर्षी तिथे पुण्याची दोन अविवाहित मुलं राहून गेली होती. मी कमिटीवर आहे. मी मिनिट्सच्या वहीत बघत राहिले आणि सही केली.

भाषणाला ती आली, शेवटच्या रांगेत बसली, टाळ्याही वाजवल्या. तिसऱ्या मजल्यावरची जागा दिवाळीपर्यंत रिकामीच होती.